जोडीतलं दुसरं पुस्तक

या, अशा पुढं या. उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर ठेवून काय बसलात? पाव्हण्यासारखं ऐकलेलं मला चालत नाही. आणि अर्धं ऐकून उठायची तुमची जी खोड आहे ना, ती आजच्या दिवस बाजूला ठेवा. चहा टाकलाय. उतू गेला तर जाऊ द्या.

मॅडम अशाच करायच्या. समोरच्याला आधी जवळ घ्यायच्या. स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या पुढं सरकायच्या, चष्मा काढून त्याची काडी दातात धरायच्या आणि विचारायच्या, "बरं, तुझा माणूस काय म्हणतो?"

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी दचकलेच. मला वाटलं आमच्या मालकांबद्दल विचारतात. म्हटलं, "ते काय म्हणणार? भाजीत मीठ कमी हे म्हणतात."

मॅडम इतक्या हसल्या की काडी दातांतून सुटली. त्यांना विचारायचं होतं ते त्यांनीच मला वाचायला दिलेल्या कादंबरीतल्या माणसाबद्दल. तो माझ्या ताब्यात होता, म्हणून तो माझा माणूस. ज्यानं वाचलं, त्याचा तो माणूस. त्याची बाजू त्यानं सांगायची, अशी त्यांची रीत.

आमचं घर जालन्यात, मस्तगडला. खाली आम्ही, पुढं मालकांचं किराणा दुकान, वर दोन खोल्या. मॅडम त्या खोल्यांत राहायला आल्या तेव्हा त्यांचे यजमान वारून वर्षही झालं नव्हतं. बोटाला धरलेली एक लेक, भांडी थोडी, आणि पुस्तकं म्हणाल तर टेम्पोभर. हमाल जिना चढताना म्हणाला, "बाई, यात काय दगडं भरलेत काय?" मॅडम म्हणाल्या, "काही काही आहेत दगडं. पण ते वाचल्यावरच कळतं."

जवळच्या हायस्कुलात त्या मराठी शिकवायच्या. नाव मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी शिकले चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण दुकानातल्या पुड्यांच्या कागदावर झालं. रद्दीचा कागद हातात आला की वाचायचा. पण बातमी अर्धीच मिळायची. उरलेली अर्धी हळद बांधून दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेलेली असायची. कुणाला पकडलं ते कळायचं, का पकडलं ते न्हाई. मॅडमना हे सांगितलं तर त्या एकदम गंभीर झाल्या. "आक्का," त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गाचं बराबर हेच दुखणं आहे."

त्यांचा वर्ग नववीचा. एका बाकावर तिघं. एक पोरगी अशी की दुपारी पुस्तक दिलं तर दुसऱ्या दिवशी परत आणून, "मॅडम, दुसरं द्या." तिच्या शेजारी बसलेला पोरगा ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर जोडणारा. कुणी अंबडकडच्या खेड्यातून एसटीनं येणारं, कुणाचे वडील एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात, कुणाच्या घरात सगळे हिंदीच बोलणारे. सगळ्यांना एकच कादंबरी दिली की पुढची पोरं जांभया देतात आणि मागची खिडकीतून कावळे मोजतात. मास्तर लोक त्यावर एकच उपाय करतात: पुढच्यांना शिकवायचं, मागच्यांना गप्प बसवायचं.

मॅडमनी दुसरा उपाय काढला. त्या कादंबऱ्यांच्या जोड्या लावायच्या. गोष्ट दोन्हींत एकाच तऱ्हेची, पण सांगणारे दोन बाजूंचे. धरणाची एक जोडी होती. एका कादंबरीत धरण बांधणारा इंजिनियर सांगतो, दुसरीत जिचं गाव पाण्याखाली गेलं ती पोरगी सांगते. विहिरीची जोडी होती. एकीत विहिरीच्या मालकाची म्हातारी आई, दुसरीत तशाच विहिरीपासून लांब, घागर घेऊन उभी राहणारी बाई. दोन्ही कादंबऱ्या वेगळ्याच लेखकांच्या, एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या. लग्न मॅडम जुळवायच्या. त्यातलं एक पुस्तक सोपं, लहान वाक्यांचं, मोठ्या अक्षरांचं. दुसरं अवघड.

खरी मेख पुढं आहे. सोपं पुस्तक ज्याच्याकडे, त्याला अशी काही गोष्ट कळलेली असली पाहिजे जी अवघड पुस्तकवाल्याला कुठंच सापडणार नाही. म्हणजे मंग हुशार पोरीला शेजारच्या अडखळणाऱ्या पोराकडं वळून विचारावंच लागतं, "अरे, गाव बुडालं की लोक जातात कुठं? माझ्या पुस्तकात न्हाई ते." त्या पोराला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी अभ्यासातलं विचारलेलं असायचं. मॅडम मला सांगायच्या, "आक्का, त्याची मान कशी वर येते ते बघायला या एकदा."

आणि एक नियम. ज्याची बाजू आपल्याला घरातूनच ठाऊक, ते पुस्तक आपल्याला नाही मिळायचं. समोरच्याची बाजू वाचायची. आपली बाजू दुसरा वाचेल, आणि तोच आपल्याला सांगेल.

हे सगळं ठीक, पण पोरं काय लेचीपेची असतात का? पहिल्याच वर्षी त्यांनी ओळखलं, बारीक पुस्तक म्हणजे ढ. "ए बारीकवाल्या!" अशा हाका सुरू झाल्या. मॅडम तणतणत खाली आल्या, एक जाडजूड कादंबरी माझ्या शिलाई मशीनवर ठेवली आणि म्हणाल्या, "आक्का, हिचे दोन तुकडे करा."

"देवा! पुस्तकाचे?"

"मधोमध. आणि दोन्हीला शिवण मारा. म्हणजे सगळ्यांच्या हातात सारखंच बारीक पुस्तक दिसेल."

"मॅडम, सरस्वती हाय ती! मला पाप लागंल."

"पाप माझ्या नावावर लावा. सरस्वतीला जाड-बारीक चालतं आक्का, पोरांना न्हाई चालत."

मग मी ब्लेड घेतलं, हात जोडले आणि कापलं. दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवलं. वरून बियाणे कंपन्यांच्या जुन्या कॅलेंडरांची कव्हरं. जालन्यात कॅलेंडरांना काय तोटा, दर घरात चार. पांढरी बाजू बाहेर, कपाशीची बोंडं आत. सगळी पुस्तकं एका आईची लेकरं दिसायला लागली. कोण सोपं, कोण अवघड, ते फक्त मॅडमला माहीत.

जोडी लावायच्या आधी सोपं पुस्तक माझ्यावर तपासायच्या. मी फोडणी घालत वाचायची. "आक्का, कुठं अडलं?" मी दाखवायची. आणि फोडणी करपली तर त्या खूश. "पास!" म्हणायच्या, "हे पुस्तक पास!" आमचे मालक ताटावर बसून विचारायचे, "आज पुस्तक चांगलं हाय वाटतं?"

विहिरीच्या जोडीवरून एकदा अंबडकडचे एक बाप थेट घरी आले. जमीनदार गडी, पांढरी टोपी, आवाज असा की वरचं बोलणं खाली दुकानापर्यंत. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच रेंगाळले.

"मॅडम, माझ्या पोराला हे काय वाचायला दिलं तुम्ही? आमच्या विहिरीवर कुणाला अडवलं न्हाई कधी."

"मी कुठं म्हणले अडवलं?"

"पुस्तकात म्हणलंय ना!"

"पुस्तकात ती बाई तिच्या बाजूनं सांगते. तुमच्या बाजूचं पुस्तक तुमच्या पोराच्या जोडीदाराकडं हाय. तो वाचून राह्यला तुमची बाजू."

"कोण जोडीदार?"

मॅडमनी सांगितलं. बौद्ध वस्तीतला पोरगा होता, बाकावर शेजारीच बसायचा. ते गृहस्थ कपातला चहा फिरवत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मंग? काय म्हणतो तो आमच्याबद्दल?"

"मला काय विचारता? शनिवारी सकाळी शाळेत या. त्यालाच विचारा."

ते गेले शनिवारी. मागच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून बसले. तो पोरगा उभा राहून म्हणाला म्हणे, "माझी म्हातारी वाईट न्हाई. ती भ्यालेली हाय. पाणी दिलं तर घरचे तिलाच बाहेर बसवतील, असं वाटतं तिला." बाप टोपी डोक्यावर ठेवून उठून गेले. त्यांच्या मनात काय हललं, हललं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या पोरानं पुस्तक पुरं केलं एवढं खरं.

अशा मॅडम. कुणाचं पोर कुठं अडतं, ते त्यांना लांबून दिसायचं. एक पोरगा होता, सळईच्या कारखान्यातल्या कामगाराचा. वाचायला बसला की डोळे चोळायचा. सगळे म्हणायचे आळशी आहे. मॅडमनी त्याला रविवारी घरी बोलावलं. खाली माझ्या मशीनशेजारीच गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि विचारलं, "तुला अक्षरं कशी दिसतात रे? खरं सांग." तो म्हणाला, "सरकतात मॅडम. वरच्या ओळीतली खाली येतात." झालं. माझी कात्री घेतली, लग्नाची एक जुनी पत्रिका घेतली, तिची पट्टी कापली आणि पट्टीत एकाच ओळीपुरती खिडकी पाडली. "ही पुस्तकावर ठेव. एकच ओळ दिसू दे. बाकीच्यांना म्हणावं, रांगेत थांबा." त्या पोरानं पट्टी सरकवत सरकवत एक पान वाचलं आणि मॅडमकडं असं बघितलं, की मला मशीनवर नुसतं खाली बघत बसावं लागलं.

मॅडमची लेक तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसून माझ्या ब्लाऊजांना हुक लावत होती. तीही बघत होती.

आता हिचं सांगते.

पोर मोठी गोड. हातात जादू. सातवीत असताना माझ्यापेक्षा सरळ टीप मारायची. पीठ मळावं तर तिनंच. पण पुस्तक म्हटलं की कुठंतरी दुखायला लागायचं. कधी पोट, कधी डोकं. मॅडम म्हणायच्या, "हट्टी हाय. बापावर गेली." मी म्हणायचे, "वाचंल हो, घाई काय?" त्या म्हणायच्या, "आक्का, जिच्या घरात भिंतीला चुना दिसत न्हाई पुस्तकांमुळं, तिनं न वाचावं?"

नववीत ती आईच्याच वर्गात आली. आणि मॅडमनी तिला जोडीतलं अवघड पुस्तक दिलं. सोपं द्यायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. कव्हर एकच, बाहेरून कुणाला काही कळणार नव्हतं. आतून मात्र ते पुस्तक तिच्यासाठी भिंत होतं.

शनिवारी सांगायची वेळ आली. जोडीदारानं विचारलं, "तुझा माणूस काय म्हणतो?" ही उभी. बोलेना.

पुढं काय झालं ते मी दोघींकडून ऐकलं. पोर दुपारी घरी आली, वर गेलीच नाही, माझ्या मशीनच्या पायाशी बसली. म्हणाली, "मावशी, आई सगळ्यांसमोर म्हणाली, बाकीच्यांचं मी समजू शकते, तुझं न्हाई समजू शकत. सगळे हसले." संध्याकाळी मॅडम आल्या. म्हणाल्या, "आक्का, मी फक्त बस म्हणाले तिला. एखादं वाक्य बोलले असेन जास्तीचं. हसलं कुणीच न्हाई."

दोघी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. मी त्या वर्गात नव्हते. आजही मला ठाऊक नाही, ती पोरं हसली की नाही.

त्यानंतर घरात भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं. पोर दहावी कशीबशी पास झाली आणि पुण्याला मामाकडं गेली. एका बेकरीत कामाला लागली, पुढं स्वतःचं काम सुरू केलं. आता तिच्या केकला लांबून लांबून लोक येतात म्हणे. फोन यायचा. मॅडम फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून बोलायच्या, कारण त्यांना कानाला लावलेलं चालायचं नाही. मी शेंगा निवडत बसलेली असायची.

"जेवलीस का?"

"जेवले."

"ऊन हाय का तिकडं?"

"हाय."

"बरं मंग."

"बरं."

फोन बंद. एवढ्या वर्गाला बोलतं करणारी बाई, आणि लेकीशी बोलताना ऊन आणि जेवण. त्यापलीकडं गाडी जायचीच नाही.

रिटायर झाल्या आणि मॅडमना एकच ध्यास लागला. आई आणि लेकीची जोडी. अशा दोन कादंबऱ्या, एकीत आई सांगते, दुसरीत लेक. वाचनालयं पालथी घातली. जुने विद्यार्थी कुठून कुठून पुस्तकं पाठवायचे. त्या वाचायच्या आणि बाजूला ठेवायच्या. "आई सांगते तशा ढीगभर हायेत आक्का. सगळ्या आया बिचाऱ्या, सगळ्या राबणाऱ्या. लेक सांगते ती मिळंना. आणि मिळाली तर चार पानांपुढं मला जाववत न्हाई."

मी एकदा स्पष्टच म्हटलं, "मॅडम, पुस्तक कशाला हुडकता? पोरीलाच विचारा ना, तुझ्या मनात काय हाय. फोन समोरच हाय."

त्यांनी चष्मा काढला, काडी दातात धरली. मग म्हणाल्या, "मला पुस्तकाशिवाय विचारता येत न्हाई हो आक्का. कधी आलंच न्हाई."

शेवटी जोडी सापडली. मागच्या दिवाळीच्या आधी. दोन्ही पुस्तकं बारीक, दोन्ही सोपी. या वेळी त्यांनी आठवणीनं दोन्ही सोपीच बघितली. माझ्याकडून कव्हरं घालून घेतली. कित्येक वर्षांनी त्यांना असं गडबडीत बघितलं मी. "पास झाली का आक्का? दोन्ही पास?" म्हटलं, "लेकीच्या पुस्तकाला माझी अख्खी आमटी गेली." त्यांनी टाळी वाजवली हो, लहान पोरीसारखी.

लेक दिवाळीला आली. अनारसे, केक, आईला साडी, मला साडी. दोन दिवस चांगले गेले. पाडव्याच्या दुपारी मॅडमनी तिला समोर बसवलं, स्टूल पुढं ओढलं, आणि पुस्तक हातात दिलं.

कुठलं दिलं? आईच्या बाजूचं.

तुम्ही म्हणाल, अरे देवा. मीही तेच म्हटलं. पण मॅडमच्या डोक्यात नियम पक्का. समोरच्याची बाजू वाचायची. लेकीनं आईची वाचायची, आईनं लेकीची. त्यांच्या हिशेबानं त्यांनी बराबर केलं होतं. स्वतःसाठी लेकीचं पुस्तक ठेवलं होतं, ते तर पाठ झालं होतं त्यांना. त्यांना वाटलं, ती हे वाचंल, मी ते वाचलंय, मग दोघी समोरासमोर बसू, आणि मी विचारीन.

पोरीनं पहिलं पान उघडलं. आई सांगत होती. पुस्तक मिटलं. म्हणाली, "म्हणजे अजूनही मीच तुला समजून घ्यायचं. आणि तेही वाचून." आवाज चढवला नाही तिनं. बॅग भरायला उठली. जाताना पुस्तक माझ्या मशीनवर ठेवून गेली. म्हणाली, "मावशी, हे वर देऊन टाका."

मॅडम जिन्यात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "नियमाप्रमाणंच दिलं ना मी आक्का? काय चुकलं?"

मी म्हटलं, "पुढच्या खेपंला दुसरं द्या." त्या म्हणाल्या, "हो. येऊ द्या तिला. दुसरंच देते." आणि त्या दिवसापासून लेकीच्या बाजूचं ते पुस्तक उशाशी. रोज वाचायच्या. मला म्हणायच्या, "या पुस्तकातल्या पोरीला काय म्हणायचंय ते आता मला येतं आक्का. फक्त ती यायला पाहिजे." संक्रांतीला येते म्हणाली होती, तेव्हा ऑर्डरी आल्या. मग उन्हाळ्यात म्हणाली.

उन्हाळा लागायच्या आधीच मॅडमच्या छातीत दुखलं. रिक्षात घालून मीच दवाखान्यात नेलं. रिक्षात माझा हात धरून म्हणाल्या, "तिला घाबरवू नका. नुसतं ये म्हणा." मी फोन केला, ती तशीच निघाली, मिळंल त्या गाडीनं. पण नगर ओलांडायच्या आत इकडं सगळं आटोपलं होतं. मीच तिला फोनवर सांगितलं. पलीकडून नुसता गाडीचा आवाज येत राहिला आणि मी तो ऐकत उभी राहिले.

तेरावा झाल्यावर आम्ही दोघी वर आवरायला बसलो. पुस्तकं शाळेला द्यायची ठरली होती. उशाचं पुस्तक तिच्या हाती लागलं. पानं वाचून वाचून मऊ पडलेली, फडक्यासारखी. तिनं विचारलं, "मावशी, हे काय हाय?"

मी सांगितलं. तुझ्या बाजूचं हाय. ते आईनं स्वतःसाठी ठेवलं, आणि तिच्या बाजूचं तुला दिलं. नियम तुला माहीतच हाय.

"माहीत हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी आठवला न्हाई. मला वाटलं, आई वर्ग घेऊन राह्यली."

मग तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं. आणि खाली बघत बोलायला लागली. "मावशी, तिच्या बोलण्याचं मला काही न्हाई. पोरं हसली असतील, नसतील, मी कधीच विसरले. मला वेगळंच लागलं होतं. त्या पोराला तिनं पट्टी कापून दिल्ती, आठवतं? तुमच्या कात्रीनं. तो म्हणाला, अक्षरं सरकतात. मी पायरीवर बसून ऐकलं. तोपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांचीच सरकतात, आणि बाकीचे तरी वाचतात, म्हणजे मीच ढ. त्या दिवशी कळलं. म्हटलं, आता आई मलाही विचारंल. मी वाट बघत राहिले. रविवारी, मंग पुढच्या रविवारी. तिनं विचारलंच न्हाई. सगळ्या वर्गाला विचारायची."

मी म्हटलं, "तू का न्हाई सांगितलं, माझी बाय?"

"आईला दिसत न्हाई, असं कसं वाटंल मावशी? तिला सगळ्यांचं दिसायचं."

मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी किती रडलो ते लिहिण्यासारखं नाही. मॅडमच्या बाजूनं बोलायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते पुस्तक तिनं नेलं नाही. म्हणाली, "मला वाचता येत न्हाई मावशी. आणि वाचणारी गेली." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. टेम्पो आला, पुस्तकं शाळेत गेली. उशाचं मी दिलं नाही. ते मी ठेवून घेतलं.

आता वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. मालक म्हणतात, एमआयडीसीतला कुणीतरी विचारत होता, देऊन टाकू. मी हो म्हणत नाही, न्हाई पण म्हणत नाही. दुपारी मशीन थांबवलं की वर कान जातो. वर कुणी नसतं.

तुम्ही एवढं ऐकलंत, आता माझं एक काम करा. हे कुठं छापून आलं तर ती काही वाचणार नाही. पण तुमच्यातलं कुणीतरी पुण्यात तिच्याकडं केक घ्यायला जात असेल. ती कमी बोलते, गिऱ्हाईकाकडं बघून हसते, आणि बिल करायला कामाला ठेवलेल्या पोरीला पुढं करते. ती तीच. तिच्या हातात कागद देऊ नका. काउंटरशी उभं राहून एवढं शेवटचं मोठ्यानं वाचून दाखवा.

बाई गं, मावशी बोलते. बाजारात मोसंबी आली आहे, यंदा गोड आहे. मला आता सुईत दोरा ओवता येत नाही, ब्लाऊजं पडून राहिलीत. तू येताना काही आणू नकोस, केकसुद्धा नको, मला साखर झालीय. माझ्याकडं तुला द्यायला काही पुस्तक-बिस्तक नाही. ते उशाचं मी वाचीन, तू डोळे मिटून ऐक. जिथं तुझं आणि पुस्तकातल्या त्या पोरीचं जमणार नाही, तिथं मला थांबव आणि सांग, मावशी, असं न्हाई, असं होतं. मी ऐकून घेईन. माझं वय तुला माहीत आहे. लवकर ये.